दोर कोणी टाकला

माझ्या थोरल्या जावेचा आवाज असा होता की तिनं अंगणातून "चहा झाला गं" म्हटलं की पूर्णेच्या पलीकडल्या गावात बायका कपबशा विसळायला घ्यायच्या. जाफराबादच्या बाजारात तिनं एकदा वांग्यांचा भाव विचारला, तर स्टँडवरून सुटलेली एस.टी. थांबली आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारायला लागला, मला कोणी हाक मारली? ती भाकरी थापायला बसली की परातीला घाम फुटायचा. भाकरी एवढी की टोपल्यात मावायची नाही. टोपलंच भाकरीवर ठेवून शेतात न्यावं लागायचं.

ह्यातलं अर्धं वजा करा, माझी हरकत नाही. उरेल तेवढंसुद्धा आज आमच्या अंगणात नाही.

अंगण एक आणि दारं दोन, समोरासमोर. एका दारात ती आणि माझे थोरले दीर, दुसऱ्या दारात आमचे मालक, मी आणि आमची दोन लेकरं. मी तिला बाई म्हणायची आणि तोंडावर अहो-जाहो करायची. मनात मात्र ती कायम 'ती'च होती. लिहितानाही तशीच येते आहे, तर येऊ दे.

तिला मूल नव्हतं. माझी दोन्ही तिनंच न्हाऊ-माखू घातली. मी बाळंतपणातून उठून बाहेर आले तेव्हा माझी पोरगी माझ्याकडं पाहुणी आल्यासारखी बघत होती, असं मी सांगते. मालक म्हणतात, बघत नव्हती, झोपलेली होती. पण मालकांना गोष्ट कशी सांगावी हे कधी कळलंच नाही.

बाईला कळायचं. मी सांगायला लागले की ती हातातलं काम बाजूला सारून, कमरेवर हात ठेवून ऐकायची. माझ्या गोष्टींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तीच. मी रंगात येऊन शेतातला साधा सरडा मगरीएवढा केला की ती डोळे बारीक करून म्हणायची, "धाकटे, पाणी जादा झालं." मग मी सरड्याला घोरपडीवर आणायची. तेवढं तिला चालायचं. घोरपडीपर्यंत तिची मुभा होती.

भांडायचोही. एकदा तिनं मला म्हटलं, तुझ्या तोंडाला टाचे मारायला मोची लागंल, आन् त्याचा दोरा पुरायचा न्हाई. मी त्यावर आठ दिवस तिच्याशी बोलले नाही, म्हणजे सकाळी बोलले नाही. दुपारी तिनं गरम धपाटं पुढं केलं आणि तोंड आपसूक उघडलं.

तर अशी बाई. तिच्या दाराची कडी आता मी रोज काढते, झाडून घेते आणि परत लावते.

ज्या साली ती ह्या अंगणातून गेली त्या साली पाऊस असा दडला होता की नदीतले बेडूक सामान बांधून खाली गोदावरीकडं गेले. आमच्या विहिरीचं पाणी एवढं खोल गेलं की आत दगड टाकावा, घरी जाऊन जेवून यावं, तेव्हा कुठं डुबुक ऐकू यायचं. जनावरं चारा छावणीत होती. शेतात दीड एकर गहू तेवढा उभा, आणि तो गहू म्हणजे आमच्या दोन्ही घरांच्या ताटातली पोळी. लाइट येई तेव्हा माणूस शेतात नसे आणि माणूस शेतात असे तेव्हा लाइट नसे. म्हणून डिझेलवरचं जुनं इंजन बाहेर काढलं.

पण इंजन काठावर ठेवलं तर एवढ्या खालचं पाणी त्याला ओढवेना. मग त्या साली सगळ्या शिवारानं केलं तेच आम्हीही केलं. इंजन दोराला बांधून विहिरीतच सोडलं आणि पाण्याच्या वर खडकाचा टप्पा होता, त्यावर बसवलं. पाणी जवळ आलं, इंजन चालायला लागलं, गव्हाला पाण्याचं बारं मिळालं. कोणी चूक म्हणालं नाही, कारण चूक करण्यात सगळेच होते. आणि धूर म्हणजे वर जाणारी वस्तू, हे तर आम्ही चुलीपाशी बसूनच शिकलेलो. विहिरीत तो वर येत नाही, खालीच गोळा होऊन बसतो, त्यातल्या विषाला रंग नसतो, वासही असून नसल्यासारखा, हे कोणाला सुचणार?

इथून पुढचं मी वाढवून सांगत नाही. कमीही करत नाही.

दुपारची भाकरी घेऊन बाई आणि मी शेतात गेलो. इंजनाचा आवाज बंद होता. काठावर आमचे मालक आणि सालगडी वाकून उभे. इंजन आपोआप बंद पडलं म्हणून थोरले दीर बघायला खाली उतरले होते. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. काठावर रोवलेल्या पहारेला दोर बांधायचा आणि तो धरून भिंतीतल्या खाचांत पाय देत उतरायचं. ते उतरले, टप्प्यावर पोचले, आणि तिथंच बसले. मग कलंडले. मालक हाका मारत होते, "दादा, ओ दादा." खालून उत्तर नाही.

मालकांनी दोर वर ओढून घेतला होता. तो कमरेला बांधून स्वतः उतरायचं आणि सालगड्यानं वरून धरायचं, असं त्यांचं चाललं होतं. त्यासाठी दोराची पहारेवरची गाठ सोडलेली. वेटोळं काठावर पडलेलं. ते अंगातला शर्ट काढत होते. मी काहीतरी ओरडत होते, काय ते मला आठवत नाही.

बाईनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. सांडलं नाही, हळूच ठेवलं. काठाशी आली, वाकली, आत पाहिलं, सरळ झाली. मालकांकडं पाहिलं. मग तिनं ते दोराचं सगळं वेटोळं दोन्ही हातांनी उचललं, पाळण्यातून लेकरू उचलतात तसं, आणि विहिरीत टाकलं.

मालक शर्टात एक हात अडकलेला तसेच उभे राहिले.

"भावजी," बाई म्हणाली, "आत गेलेला माणूस परत येत न्हाई. माझ्या माहेरी एका जुन्या विहिरीत एकामागं एक असेच गेल्ते. सगळे भाऊच होते."

तिनं त्यांच्या पायांना मिठी मारली आणि खाली बसली. त्या मिठीतून एखादा बैलही सुटला नसता. सालगडी दुसरा दोर आणायला गावाकडं पळाला. गाव आलं. कोणीतरी शहाण्यानं तारेला पेटती चिंधी बांधून आत सोडली. निम्म्यावर गेली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा विझली. मग लिंबाच्या डहाळ्या बांधून खालीवर हलवल्या, हवा खेळवली, पाणी ओतलं, आणि त्यानंतर माणसं उतरली. थोरल्या दिरांना वर काढलं तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नव्हतं.

चिंधी विझली ती सगळ्या गावानं पाहिली. म्हणजे मालक उतरले असते तर मीही आज बाईसारखीच असते, आणि त्यांच्यामागं सालगडी उतरला असता तर त्याची बायकोही. हे गावाला कळत होतं. तरी गाव ते गाव. निम्मी म्हणायची, बाईनं एक गेला पण बाकीचे राखले. निम्मी म्हणायची, नवरा आत अन् ही दोर टाकते? दम धरून एखादा उतरला असता, बगलेत दोर अडकवला असता, वर ओढला असता. गेला होता का जिवंत होता, हिला काय ठाऊक? गिरणीवर एक बाई दळण पाखडता पाखडता बोलली, आपलं कुंकू आपल्याच हातानं विहिरीत टाकलं. मी तिच्या पिठात खडा पडावा म्हणून देवाला नवस बोलले. देवानं ऐकलं नाही, म्हणून खडा मी स्वतःच टाकला.

आमचे मालक मात्र काहीच बोलले नाहीत. गावाशी नाही, माझ्याशी नाही, आणि बाईशी तर एक अक्षर नाही. तेराव्यापर्यंत ती समोरच्या दारात बसलेली आणि हे ह्या दारात, मधे अंगण. तिनं एकदा विचारलं, भावजी, चहा घेता का? ते उठून शेतात गेले.

तेराव्यानंतर तिचा भाऊ आला आणि रिवाजाप्रमाणे तिला माहेरी घेऊन गेला. तीर्थपुरीजवळ तिचं माहेर. आमचं जिल्ह्याचं वरचं टोक, ते खालचं. जाण्याचा रिवाज सोपा आहे, भाऊ येतो आणि नेतो. परत येण्याचा अवघड. बाई आपण होऊन सासरी परत येत नसते. सासरच्या पुरुषानं न्यायला यावं लागतं. नवरा नसला तर दिरानं. मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, जाऊ गेली तर चालतं का? त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, जावेनं जावेला न्यायला गेलेलं आमच्या ऐकिवात न्हाई, जावा एकमेकींना घालवायला असतात.

घरात पुरुष एकच उरला होता, आणि तो तिचं नाव काढत नव्हता. मी एकदा म्हटलं, अहो, बाईंना आणायचं का? ते ताटावरून उठले. पुढच्या वर्षी पुन्हा म्हटलं. त्या वेळी ताट पूर्ण खाल्लं, पण उठले तसेच. तिसऱ्या वेळेपासून मी विचारणं सोडलं आणि दुसरा उद्योग सुरू केला.

मला एकच काम येतं. मी ते केलं. गिरणीवर, नळावर, कापूस वेचताना, कोणी त्या दिवसाचा विषय काढला की मी गोष्ट सांगायची, आणि प्रत्येक गोष्टीत दोर दुसऱ्याच कोणीतरी टाकायचा. पहिल्यांदा वावटळ आली. अशी वावटळ की वर फिरणारी घार उलटी उडायला लागली, आणि तिनं दोर उचलला. नंतर वेटोळ्यात धामण निघाली. मालकांनी दोर म्हणून धामणीला हात घातला, धामणीनं दोर म्हणून दोराला विळखा घातला, आणि दोघं मिळून आत. सगळ्यात जास्त चालला तो बैल. बैलाच्या पायात दोर अडकला, बैल बुजला, पाय झाडला, आणि दोर विहिरीत. बैलाचे डोळे, बैलाच्या नाकातली वाफ, बैलाचं ते मान वळवून बघणं, मी असं काही उभं करायची की बायका "बिचारा" म्हणायच्या. बैलाला.

काही वर्षांत गावाला खरं काय ते सांगता येईनासं झालं. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांना तर बैलच माहीत. मला वाटलं, जिंकले. बाईचं नाव त्या विहिरीतून मी एकटीनं, कोणत्याही दोराशिवाय वर काढलं. आता राहिला एकच प्रश्न. मालकांनी जायचा. मी बैलाची गोष्ट सुरू केली की ते तिथून निघून जायचे. मला वाटायचं, त्यांना खोटं खपत नाही.

गेल्या हिवाळ्यात अंबडला एका नात्यातलं लग्न होतं. मालक वऱ्हाडात पानसुपारी करत बसले आणि मी, लुगडं बघून येते म्हणून, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले ती थेट तीर्थपुरीकडं. जीपमध्ये एवढी माणसं होती की ड्रायव्हर टपावर बसून पायानं स्टिअरिंग फिरवत होता. बरं, टपावर नव्हता. पण दाराबाहेर निम्मा होता हे शपथेवर सांगते. अंकुशनगरकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या. एकेका ट्रॉलीमागं आमची जीप रांगत होती आणि मी मनात बाईशी बोलत होते. बाई, हा ऊस बघा. बाई, ह्या माणसाचं मुंडासं बघा. इतक्या वर्षांचं सांगायचं साचलेलं. जीप हळू चालली होती ते बरंच होतं, मला सगळं लावून घ्यायला वेळ मिळाला.

भावाच्या घराच्या मागं एक खोली, पुढं कढीपत्त्याचं झाड. ती दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघितलं आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही.

माझी जाऊ बोलली, आणि मला ऐकायला वाकावं लागलं.

"काय म्हणाल्या, बाई?"

"म्हटलं, आलीस व्हय."

आम्ही बसलो. मी सुरू झाले. लेकीचं लग्न, पोराची नोकरी, गिरणीवालीच्या सुनेनं सासूला मोबाइलवरून कसं गंडवलं, नदीला गेल्या साली पूर आला तेव्हा पाणी देवळाच्या कळसावरून वाहिलं. ती शेंगा फोडता फोडता ऐकत होती. कळसाशी आले तेव्हा तिचे डोळे बारीक झाले.

"धाकटे, पाणी जादा झालं."

मी पाणी पायरीवर आणलं. डोळे पुसले. तिनं माझ्या ओच्यात शेंगदाणे टाकले आणि म्हणाली, खा, वाळून गेली नुसती. मी काही वाळलेली नाही, पण त्या वेळी असावी असं वाटलं.

मग मी तिला माझ्या पराक्रमाचं सांगितलं. म्हटलं, बाई, तुमच्यावर आता कोणाचा बोल नाही. मी सगळं मिटवलं. आणि बैलाची गोष्ट सांगितली, डोळ्यांसकट, वाफेसकट. मला वाटलं ती कमरेवर हात ठेवेल. तिनं शेंग अर्धी फोडली आणि तशीच धरून ठेवली.

"मंग म्या काय केलं त्या दिशी?" तिनं विचारलं.

"तुम्ही... तुम्ही टोपलं घेऊन उभ्या."

"टोपलं घेऊन."

"हो."

तिनं पायापुढची टरफलं दुसऱ्या हातानं बाजूला सारली.

"आतून आवाज आल्ता," ती म्हणाली. "ह्यांचा. एकदाच. तुला न्हाई ऐकू आला. तू ओरडून राह्यली होती."

मी हातातले दाणे खाली ठेवले.

"भावजींनी ऐकला. त्यांच्या तोंडावर दिसला मला. आवाज आला नसता तर ते घडीभर थांबले असते, कमरेला गाठ मारली असती, सालगड्याशी बोलले असते. आवाज आला आन् मला कळालं, आता हे थांबत न्हाईत. म्हणून टाकला. ते मेले असं समजून टाकला न्हाई म्या. जिते होते, तवा टाकला."

"बाई, बराबरच केलं तुम्ही. चिंधी विझली, सगळ्यांनी—"

"चिंधी मागून विझली. टाकला तवा चिंधी कुठं होती?" तिनं शेंग पूर्ण फोडली. "बराबर केलं का चूक केलं, मला अजून कळालं न्हाई. रोज येगळं वाटतं. पर जे केलं ते माझं हाय. जल्मात एवढी मोठी गोष्ट म्या दुसरी केली न्हाई, आन् तू ती बैलाला देऊन टाकली."

"तुमच्यावर बोल येऊ नये म्हणून—"

"येऊ दे की. बोल तरी मलाच लागंल. आता कोणाला लागून राह्यला? बैलाला?"

मला हसू आलं आणि तिलाही आलं, आणि हसता हसता आम्ही दोघी रडलो की रडता रडता हसलो हे मला नीट सांगता येत नाही. निघताना मी म्हटलं, बाई, चला. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पहिल्यांदाच लग्न होऊन घरात आले आहे आणि मला काहीच रीत ठाऊक नाही.

"न्यायला कोण आलंय?" ती म्हणाली.

परत येताना जीपमध्ये मी कोणाशी बोलले नाही. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, मावशी, तब्येत बरी हाय ना?

हरभऱ्याच्या सोंगणीला शेतात बायका होत्या. दुपारी लिंबाखाली बसलो, भाकरी सुटल्या. शेजारची नवी सून म्हणाली, काकू, ती बैलाची गोष्ट सांगा ना. मालक पलीकडं माठाशी पाणी पीत होते. नेहमीसारखे उठून चालायला लागले.

मी सांगितलं. दोर बाईनं टाकला. दोन्ही हातांनी उचलून टाकला. आतून आवाज आला होता, तो ऐकून टाकला. नवरा जिवंत असताना टाकला, कारण काठावरचाही जिवंत होता. एवढंच. इतकी लहान गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती. भाकरीचा घास कोणाच्या तोंडात गेला नाही.

"मंग बैल?" नवी सून म्हणाली.

"बैल छावणीत होता. त्या साली गावात एकही बैल नव्हता."

म्हातारी एक होती, ती मान हलवत म्हणाली, खरंच की गं, छावणीत होते सगळे, आमच्या डोक्यात कसं आलं न्हाई इतके वर्ष. मी वळून बघितलं. मालक माठाशी तसेच उभे होते, हातात पेला. गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं, "वैनीनं आवाज ऐकला होता?"

"ऐकला होता."

"तिनं सांगितलं तुला?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटायचं, म्या एकट्यानंच ऐकला. ऐकला, तरी काठावर राह्यलो."

"तुम्ही राहिले नाही. तुम्हाला अडवलं."

"तुझ्या गोष्टीत कुठं कोणी अडवलं? दोर वावटळीनं नेला, सापानं नेला, बैलानं नेला. म्या आपला उभा." ते माझ्यावर चिडले नव्हते. हवामान सांगावं तसं सांगत होते. "समद्या गावाला वाटत असंल, दोर पडला तर दुसरा काऊन न्हाई धुंडला ह्यानं."

मी त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला.

"एक सांगतो," ते म्हणाले. "दोर आत पडला ना, तवा मला बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं. पापणी लवंल तेवढंच. दादा आत कण्हत होता, आन् मला बरं वाटलं की आता जायला दोर न्हाई. वैनी माझ्याचकडं बघत होती. तिनं ते पाहिलं. म्हणून मला तिच्यापुढं उभं राहता आलं न्हाई. तिचा राग न्हाई आला मला कधी."

इतकी वर्षं मी त्या मौनाला राग समजत होते. त्या रागाची समजूत घालायला वावटळी आणि बैल आणत होते, आणि प्रत्येक बैलागणिक त्यांना काठावर आणखी एकदा उभं करत होते.

काही दिवस तसेच गेले. हरभरा घरात आला. काल संध्याकाळी त्यांनी विचारलं, अंबडकडं जायला सकाळची पहिली जीप कधी असते? मी म्हटलं, जालन्याला बदलावं लागेल. ते म्हणाले, ते ठाऊक आहे मला. आज पहाटे उठून मी धपाटे केले, लसणाची चटणी बांधली, आणि न्यायला जाताना रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून एक लुगडं दिलं. हिरवट, बारीक काठाचं. अंबडच्या लग्नात बघायला गेले असं सांगितलं होतं, ते नंतर खरंच घेतलं होतं. त्यांनी टोपी झटकली, घातली, पुन्हा काढून झटकली, आणि निघाले.

दुपारी मी फोन केला. पोचले होते. विचारलं, बाई येतात का? म्हणाले, "आजून विचारलं न्हाई. बसून राह्यलो." मी विचारलं, काय बोलणं झालं? म्हणाले, "बसून राह्यलो, सांगितलं ना." फोन त्यांनी बंद केला नाही, बहुतेक करायचा विसरले. मी कानाला लावून उभी राहिले. शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. एकीच्या हातच्या शेंगा अशा लागोपाठ फुटत नाहीत. दोघंही फोडत असावेत. बोलत कोणी नव्हतं. मीही काही बोलले नाही, चुकून माझा आवाज तिकडं जाईल म्हणून.

आता उन्हं कलली आहेत. समोरचं दार मी उघडून ठेवलं आहे, कडी न लावता. आतली चूल सारवली. पीठ जरा जास्तीचं घेतलं आहे, पण मळलं नाही अजून. ती आली की तिच्या हाकेनं नदीपलीकडच्या बायका कपबशा काढतील, असं लिहायला हात शिवशिवतो. ते लिहिणार नाही. कदाचित ती येणार नाही. कदाचित म्हणेल, पुढच्या खेपेला या. आली तर मला वाकूनच ऐकावं लागेल, आणि अंगणाएवढ्या अंतरावरून ते ऐकू येत नाही. म्हणून माझी खाट मी आजच तिच्या दाराजवळ सरकवून घेतली आहे.